क्ष-किरण लेझरची शलाका बेरिलियमच्या भिंगांनी एकवटताना: कागदावरच्या हिशेबापासून नाभी मोजेपर्यंत

कॅलिफोर्नियातलं एलसीएलएस, जपानमधलं साक्ला, हॅम्बुर्गजवळचं युरोपियन एक्सफेल. या ठिकाणची क्ष-किरण लेझरची शलाका काही शे मीटर प्रवास करून प्रयोगकक्षात पोचते, तेव्हा ती साधारण अर्धा मिलिमीटर रुंद झालेली असते. नमुन्यावर मात्र ती एक मायक्रॉन, कधी शंभर नॅनोमीटर रुंदीची हवी असते. हे काम वक्र आरशांनी होतं, तसंच भिंगांनीही होतं. भिंगांची सोय अशी की शलाकेची दिशा बदलत नाही, जागा वीतभर लागते आणि भिंगं बाजूला सरकवली की मूळ शलाका जशीच्या तशी परत मिळते.

नाभीय अंतराचं सूत्र हा या कामातला सगळ्यात सोपा भाग. ठिपका प्रत्यक्षात किती बारीक होणार हे तीन गोष्टी ठरवतात: शोषणानंतर उरलेलं उपयोगी छिद्र, पल्सचा ऊर्जापट्टा आणि भिंगांच्या आकारातली चूक. या तिन्हींचा हिशेब बीमटाइम (लेझर वापरायला मिळालेला वेळ) सुरू व्हायच्या आधी कागदावर झालेला असला पाहिजे. तो झाला नसेल तर मोजलेला ठिपका अपेक्षेपेक्षा मोठा का आला, हे शोधण्यात अख्खी पाळी जाते.

पुढची सगळी उदाहरणं ८.२ केईव्ही (हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेची, म्हणजे १.५१ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची आहेत. भिंगाशी शलाकेची रुंदी अर्ध्या उंचीवर, म्हणजे तीव्रता शिखराच्या निम्मी होते तिथे, ५०० मायक्रॉन धरली आहे. भिंगांच्या दोन चळती, म्हणजे ओळीने रचलेले संच, सोबत घेऊन चालू: नमुन्यापासून चार मीटरवर बसणारी ‘लांब’ आणि पाव मीटरवर बसणारी ‘आखूड’.

भिंग अंतर्वक्र, आणि तेही बेरिलियमचं

क्ष-किरणांसाठी पदार्थाचा अपवर्तनांक एकापेक्षा किंचित कमी असतो. म्हणून दृश्य प्रकाश पसरवणारं अंतर्वक्र भिंग क्ष-किरणांना एकत्र आणतं. एकापेक्षा किती कमी, त्या फरकाला डेल्टा म्हणतात. ८.२ केईव्हीला बेरिलियमचा डेल्टा दहा लाखांत ५.०७ एवढाच असतो. १८९५ मध्ये राँटगेनने अपवर्तन शोधायचा प्रयत्न केला आणि ते त्याला दिसलं नाही, ते याच बारीकपणामुळे. एकच भिंग पुरत नाही, रांग लावावी लागते, हे १९९६ मध्ये ग्रेनोबलच्या ईएसआरएफ या सिंक्रोट्रॉनवर (वर्तुळात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर) स्निगिरेव्ह आणि सहकाऱ्यांनी अॅल्युमिनियममध्ये ओळीने भोकं पाडून दाखवलं. त्यानंतर आखेनमधल्या लेंगलर यांच्या गटाने दोन्ही बाजूंनी पॅराबोलाच्या आकाराची दाबून काढलेली भिंगं तयार केली. आज वापरात आहेत ती याच घराण्यातली.

पॅराबोला इथे हवाच. ५० मायक्रॉन त्रिज्येच्या भिंगाचं छिद्र ४४० मायक्रॉन रुंद असतं, आणि गोल पृष्ठाची खाच त्रिज्येच्या दुपटीपेक्षा, म्हणजे १०० मायक्रॉनपेक्षा, रुंद होऊच शकत नाही.

बेरिलियम का, याचं उत्तर शोषणात आहे. ८.२ केईव्हीची शलाका बेरिलियममध्ये सुमारे ५.१ मिमी गेल्यावर ३७ टक्के उरते. अॅल्युमिनियममध्ये तेवढीच घट एक दशांश मिमीच्या आत होते. हलक्या बहुवारिकाची (प्लॅस्टिकची) भिंगंही बनतात. इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरण लिथोग्राफीने अशी भिंगं केली गेली आहेत आणि सिंक्रोट्रॉनवर ती चांगली चालतात. लेझरच्या पूर्ण ताकदीच्या पल्सखाली मात्र बहुवारिक किरणांच्या माऱ्याने आकार सोडतं, तिथे ते नको. हिरा टिकाऊ आहे, पण तो घडवणं कठीण आणि त्याचं शोषण बेरिलियमपेक्षा जास्त.

पायरी १: ऊर्जा पक्की करा

५ केईव्हीच्या वर बेरिलियमसाठी एक सोपा हिशेब पुरतो. ३४१ ला केईव्हीमधल्या ऊर्जेच्या वर्गाने भागा, की डेल्टा दहा लाखांच्या मापात मिळतो. ३४१ भागिले ६७.२४ म्हणजे ५.०७.

यातला वर्ग महत्त्वाचा. ऊर्जा १ टक्क्याने हलली की नाभीय अंतर २ टक्क्यांनी हलतं. प्रवेगकाच्या पडद्यावर दिसणारी ऊर्जा आणि खरी ऊर्जा यांत १० इव्ही इतका फरक असेल, तरी आखूड चळतीची नाभी ०.६ मिमी सरकते, आणि तिची नाभीची खोली, म्हणजे ठिपका जवळपास तसाच राहील असा पल्ला, त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे. म्हणून ऊर्जा स्पेक्ट्रोमीटरवर किंवा एखाद्या धातूच्या पत्र्याच्या शोषणकडेवर (शोषण जिथे एकदम वाढतं त्या ठरलेल्या ऊर्जेवर) तपासून घ्या आणि तोच आकडा पुढे सगळीकडे वापरा.

पायरी २: त्रिज्या आणि भिंगांची संख्या

नाभीय अंतर = टोकाची वक्रता त्रिज्या ÷ (२ × भिंगांची संख्या × डेल्टा)

लांब चळत: २०० मायक्रॉन त्रिज्येची ५ भिंगं. नाभीय अंतर ३.९५ मीटर.
आखूड चळत: ५० मायक्रॉन त्रिज्येची २० भिंगं. नाभीय अंतर २४६.५ मिमी.

आखूड चळतीला दोन दुरुस्त्या लागतात आणि त्या वगळल्या तर नमुना चुकीच्या जागी बसतो. पहिली जाडीची. चौकटीसकट एक भिंग साधारण १.६ मिमी धरलं तर २० भिंगांची चळत ३२ मिमी लांब होते. आतल्या आतच किरण वळायला लागतात, त्यामुळे चळतीच्या मध्यापासून मोजलेलं नाभीय अंतर लांबीच्या एक षष्ठांशाने वाढतं: २४६.५ + ५.३, म्हणजे सुमारे २५२ मिमी. शेवटच्या भिंगापासून नमुन्यापर्यंत मोकळी जागा त्यातून १६ मिमी वजा करून, २३६ मिमी. दुसरी दुरुस्ती उगमाच्या, म्हणजे शलाका जिथून निघते त्या जागेच्या, अंतराची. उगम ४०० मीटरवर असेल तर प्रतिमा नाभीपेक्षा ०.१६ मिमी पुढे पडते. फरक छोटा वाटतो, पण या चळतीच्या नाभीच्या खोलीच्या अर्ध्याहून जास्त तो आहे. लांब चळतीत तोच फरक ३९ मिमी होतो.

छिद्राची भौमितिक रुंदी हवी असेल तर भिंगाच्या जाडीतून मधल्या पडद्याची (दोन खाचांमध्ये उरलेल्या पातळ थराची) जाडी वजा करा, उरलेल्याला त्रिज्येने गुणा, वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. १ मिमी जाड भिंगात मधला पडदा ३० मायक्रॉनचा असेल तर ५० मायक्रॉन त्रिज्येला ४४०, २०० ला ८८० आणि ५०० ला १,४०० मायक्रॉन मिळतात. शलाका याहून रुंद असेल तर तिच्या कडा चौकटीवर आदळतील. तिथे आधीच अॅपर्चर (कडा अडवणारं भोक) लावा.

पायरी ३: उपयोगी छिद्र आणि किती प्रकाश पार होतो

भिंगाच्या मध्यात फक्त पातळ पडदा असतो, पण कडेकडे जावं तसं बेरिलियम जाड होत जातं. आखूड चळतीत मध्यापासून १५० मायक्रॉनवर किरणाला एकूण ९ मिमी बेरिलियम ओलांडावं लागतं, आणि तिथे १७ टक्केच प्रकाश पार होतो. म्हणजे ४४० मायक्रॉनचं छिद्र नावापुरतं. शोषणाने घडलेलं गॉसियन (मध्यात उजळ, कडेकडे घंटेसारखं उतरणारं) छिद्र अर्ध्या उंचीवर १८८ मायक्रॉन भरतं. लांब चळतीत तेच ७५४ मायक्रॉन आहे.

शलाकेची रुंदी आणि शोषणाची रुंदी एकत्र करताना त्यांच्या वर्गांचे व्यस्त मिळवायचे. लांब चळतीत उरलेली रुंदी ४१७ मायक्रॉन येते, आखूड चळतीत १७६. आता ठिपका:

ठिपक्याची रुंदी = ०.४४ × तरंगलांबी × नाभीय अंतर ÷ उरलेली रुंदी

लांब चळत ०.६३ मायक्रॉन देते आणि सुमारे ६८ टक्के ऊर्जा पार करते. आखूड चळत ९३ नॅनोमीटर देते, पण पार होते फक्त ११ टक्के. उरलेली ८९ टक्के ऊर्जा बेरिलियममध्ये आणि चौकटीत मुरते.

हे ११ टक्के वाढवावेत म्हणून वरच्या अंगाला, उगमाच्या बाजूला, एक कमजोर भिंग, उदाहरणार्थ ५०० मायक्रॉन त्रिज्येचं एकच, लावून शलाका आधी २०० मायक्रॉनपर्यंत आवळतात. तसं केलं की पार होणारी ऊर्जा ४२ टक्क्यांवर जाते. पण उरलेली रुंदी १३७ मायक्रॉनवर येते आणि ठिपका १२० नॅनोमीटर होतो. जास्त फोटॉन हवे असतील तर ठिपका थोडा मोठा घ्यावा लागतो. दोन्ही एकाच वेळी मागणाऱ्या प्रस्तावात हिशेब कुठेतरी चुकलेला असतो. नमुन्याला तीव्रता हवी की बारीकपणा, हे प्रयोग करणाऱ्याने आधी ठरवावं. बहुतेक वेळा असं आधी आवळणं, म्हणजे पूर्व-एकवटीकरण, हाच शहाणपणाचा सौदा ठरतो, कारण त्यात तीव्रताही वाढते.

पायरी ४: ऊर्जापट्टा

भिंगांची मोठी मर्यादा इथे आहे. आपोआप वाढत जाणाऱ्या उत्सर्जनावर, म्हणजे सेझ पद्धतीने, चालणाऱ्या लेझरच्या पल्सचा ऊर्जापट्टा साधारण ०.२ टक्के रुंद असतो. शिवाय मध्य ऊर्जा दर पल्सला थोडी हलते. ०.२ टक्के ऊर्जा म्हणजे ०.४ टक्के नाभीय अंतर.

आखूड चळतीत नाभी १ मिमी लांबीवर पसरते. तिची नाभीची खोली ०.२५ मिमीच्या आसपास आहे. परिणाम असा की मध्यभागी बारीक ठिपका दिसतो, पण बरीचशी ऊर्जा त्याच्याभोवती काही शे नॅनोमीटरच्या वलयात पसरलेली राहते. अर्ध्या उंचीवरची रुंदी चांगली येते आणि तरी नमुन्यावरची तीव्रता अपेक्षेच्या निम्मीही नसते, त्याचं नेहमीचं कारण हेच. लांब चळतीत पसरण १६ मिमी आणि खोली सुमारे १२ मिमी, त्यामुळे नुकसान बेताचं.

उपाय दोन. सिलिकॉन १११ चा मोनोक्रोमेटर (स्फटिकाच्या ठरावीक थरांवरून अरुंद ऊर्जापट्टा निवडणारं साधन) ऊर्जापट्टा ०.०१४ टक्क्यांवर आणतो. मग आखूड चळतीत नाभी जेमतेम ०.०७ मिमी पसरते, पण पल्समधली बहुतेक ऊर्जा मोनोक्रोमेटर टाकून देतो. दुसरा उपाय सेल्फ-सीडिंगचा: यंत्रच अरुंद पट्ट्याच्या पल्स देतं. ती सोय असेल तर शंभर नॅनोमीटरच्या कामासाठी ती मागून घ्या. एक मायक्रॉनच्या कामाला दोन्हीची गरज नाही.

पायरी ५: आकारातली चूक

बेरिलियमची २९.८ मायक्रॉन जाडी एक पूर्ण तरंग पुढे-मागे करते. ठिपका विवर्तनाच्या मर्यादेजवळ (तरंगलांबीमुळे शक्य त्या सगळ्यात बारीक आकाराजवळ) हवा तर एकूण तरंगचूक, म्हणजे तरंगाचं आदर्श आकारापासून हटणं, सरासरी वर्गमुळात तरंगाच्या चौदाव्या भागापेक्षा कमी लागते. बेरिलियमच्या भाषेत ते झालं २.१ मायक्रॉन, आणि तेही सगळ्या पृष्ठांचे मिळून.

वीस भिंगांची चाळीस पृष्ठं. चुका स्वैर असत्या तर प्रत्येक पृष्ठाला ३०० नॅनोमीटरपेक्षा जास्त मुभा मिळाली असती, कारण स्वैर चुका एकमेकींना खातात. पण एका खेपेची भिंगं एकाच ठशाने दाबलेली असतात. ठशातली चूक प्रत्येक पृष्ठावर सारखी उमटते आणि सरळ बेरीज होते. मग प्रत्येक पृष्ठाला फक्त ५३ नॅनोमीटर उरतात. जास्त भिंगांच्या चळतींमध्ये गोलीय विपथन (कडेचे आणि मध्याचे किरण वेगळ्या जागी एकवटणं) दिसतं ते यामुळे. २०१३ मध्ये एलसीएलएसवर अशा भिंगांनी मिळवलेला ठिपका १२५ नॅनोमीटर मोजला गेला, आणि त्याच मोजणीतून चळतीचं विपथनही स्पष्ट दिसलं.

२०१७ मध्ये यावर एक नेटका उपाय प्रसिद्ध झाला: चळतीची तरंगचूक मोजायची, आणि तेवढीच उलटी चूक देणारी काचेची छोटी फेज प्लेट लेझरने कोरून चळतीला जोडायची. प्लेट लावणार असाल तर ती त्याच भिंगांच्या त्याच क्रमासाठी आहे हे विसरू नका. एक भिंग काढलं, क्रम बदलला किंवा ऊर्जा बरीच बदलली तर प्लेट नवी चूक घालते. भिंगाच्या चौकटीवरचे क्रमांक आणि दिशा वहीत लिहून ठेवायची सवय इथे कामी येते.

धातूची प्रतही पाहा. बेरिलियम पावडर दाबून बनवतात. कणांच्या सीमांवरचं ऑक्साइड आणि बारीक पोकळ्या यांमुळे लहान कोनात विखुरण होतं आणि ठिपक्याभोवती मंद धुकं दिसतं. लहान कोनातल्या विखुरणाचाच प्रयोग असेल तर हे धुकं मोजणीत मिसळतं. नाभीच्या थोडं अलीकडे साफ करणारं अॅपर्चर लावून ते बरंचसं अडवता येतं.

पायरी ६: उष्णता

एक पल्स भिंगाला काही करत नाही. ५०० मायक्रॉन रुंद शलाकेतली २ मिलिज्यूलची पल्स बेरिलियमचं तापमान मध्यभागी अर्ध्या अंशानेही वाढवत नाही. एलसीएलएसच्या सेकंदाला १२० पल्सच्या वेगाने एकूण शक्ती पाव वॉटच्या आसपास. चौकट धातूच्या खाचेत नीट टेकलेली असली की पुरे.

युरोपियन एक्सफेलचं गणित वेगळं आहे. तिथे सेकंदाला १० झुंडी येतात, प्रत्येकीत २,७०० पर्यंत पल्स, ०.६ मिलिसेकंदाच्या आत. सेकंदाला २७,००० पल्स म्हणजे २ मिलिज्यूलला ५४ वॉट. आखूड चळत त्यातले ४८ वॉट पिते. त्याहून महत्त्वाचं, एका झुंडीतच तापमानाची भर साचत जाते: उष्णता वाहून गेली नाही असं धरलं तर ती हजार अंशांच्या घरात जाते, आणि बेरिलियम १,२८७ अंशांना वितळतं. ०.६ मिलिसेकंदात उष्णता सुमारे ०.४ मिमी पसरते, म्हणून ५०० मायक्रॉनच्या शलाकेत भिंग वाचतं. पण तीच शलाका आधी २०० मायक्रॉनला आवळलीत तर दर पल्सची वाढ सहापट होते. तेव्हा पूर्व-एकवटीकरण आणि पूर्ण झुंड एकत्र वापरू नका, झुंडीतल्या पल्सची संख्या कमी करा आणि खाचेला पाण्याने थंड ठेवा.

पायरी ७: चळत रचणे

भिंगाची चौकट १२ मिमी व्यासाची नाण्यासारखी चकती असते. व्ही आकाराच्या खाचेत या चकत्या नाण्यांच्या चळतीसारख्या आडव्या रचतात आणि वरून हलक्या स्प्रिंगने दाबतात. खाच आणि चकत्या धूळमुक्त हव्यात. चकतीखाली अडकलेला १० मायक्रॉनचा कण त्या एका भिंगाचा अक्ष तेवढाच उचलतो. रचायच्या आधी प्रत्येक भिंग सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही बाजूंनी पाहा. मधल्या पडद्यावर ओरखडा, खळगा किंवा पांढुरका डाग दिसला तर ते भिंग बाजूला ठेवा.

बेरिलियमची धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते, आणि हा आजार वर्षांनंतरही उभा राहू शकतो. अखंड भिंग हाताळणं धोक्याचं नाही. धोका आहे तो घासण्याचा, खरवडण्याचा आणि फुटलेल्या तुकड्यांचा. म्हणून: हातमोजे नेहमी. चिमट्याने फक्त चौकट धरायची, मधल्या धातूला टोक लावायचं नाही. डाग पुसायचा किंवा घासायचा प्रयत्न करायचा नाही. भिंग फुटलं तर फुंकर नको, साधा व्हॅक्यूम क्लीनर नको. जागा बंद करून सुरक्षा विभागाला बोलवा आणि ओल्या फडक्याने तेच उचलतील.

चळत हवेत चालवू नका. तीव्र क्ष-किरण हवेत ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं तयार करतात, दमट हवेत त्यांनी बेरिलियम गंजतं आणि पृष्ठावर पांढरी भुकटी धरते. ती भुकटी विषारीही आहे. निर्वात कक्ष उत्तम, नसेल तर वाहता हेलियम.

अंतर बदलायची सोय हवी असेल तर ट्रान्सफोकेटर वापरतात: १, २, ४, ८ अशा संख्येच्या भिंगांचे डबे, प्रत्येक डबा स्वतंत्रपणे आत-बाहेर. यात एक धोका सतत लक्षात ठेवायचा. डबे किंवा ऊर्जा बदलताना मधल्या एखाद्या स्थितीत नाभी नेमकी खिडकीवर, झडपेवर किंवा स्लिटच्या पात्यावर पडू शकते. पूर्ण ताकदीची एकवटलेली शलाका तिथे भोक पाडते. बदलाआधी प्रत्येक संयोगाची नाभी कुठे पडते त्याचा तक्ता करा, आणि डबे हलवताना शलाका बंदच ठेवा.

पायरी ८: जुळवणी

शलाका हजारपट ते दहा हजारपट क्षीण करून सुरू करा. भिंगं बाहेर ठेवून वायएजी पडद्यावर (क्ष-किरण पडले की चमकणाऱ्या स्फटिकावर) शलाकेचा मध्य नोंदवा, एक जवळ आणि एक चळतीच्या पाच मीटर पलीकडे. ही दूरची खूण पुढच्या सगळ्या कामाचा आधार आहे.

चळत बाजूने आत आणा. आधी चौकटीची सावली पडेल, मग प्रकाश दिसेल. भिंगाचा अक्ष शलाकेपासून जितका सरकलेला तितकी शलाका वळते: वळण्याचा कोन म्हणजे सरकलेलं अंतर भागिले नाभीय अंतर. आखूड चळतीत १० मायक्रॉनची चूक पाच मीटरवर २०० मायक्रॉन दिसते. म्हणून फक्त डायोडवरचा (पार झालेला प्रकाश मोजणाऱ्या साधनावरचा) सर्वाधिक प्रकाश शोधू नका. तो वक्र मध्यावर सपाट असतो. दूरच्या पडद्यावरचा पसरलेला डाग जुन्या खुणेवर आणा.

मग कल. ३२ मिमी लांबीची चळत एक मिलिरेडियन कलली तर पहिल्या आणि शेवटच्या भिंगाचे अक्ष ३२ मायक्रॉनने चुकतात. आडवा आणि उभा कल दोन्ही बाजूंना पाच मिलिरेडियनपर्यंत फिरवून पार होणारा प्रकाश नोंदवा. वक्र दोन्हीकडे सारखा उतरला पाहिजे. त्याच्या दोन उतारांचा मध्य घ्या, शिखर नव्हे. फिरवण्याचा आस चळतीच्या मध्यातून जात नसतो, त्यामुळे कल बदलला की मध्यही हलतो. मध्य, कल, पुन्हा मध्य, असे दोन-तीन फेरे लागतात.

इथे एक सापळा नेहमी असतो. लेझरमध्ये तिप्पट ऊर्जेचा थोडा अंश येतो. सिलिकॉनच्या अॅटेन्युएटरने (शलाका क्षीण करणाऱ्या पत्र्याने) मूळ शलाका दहा हजारपट कमी केली, तरी २४.६ केईव्हीचे किरण त्यातून सहज निघून जातात. मग डायोडवर दिसतो तो बहुतेक हाच प्रकाश. त्याचं नाभीय अंतर नऊपट, २.२ मीटर, म्हणून तो एकवटतही नाही. कल फिरवला तरी डायोड ढिम्म हलत नसेल तर हेच तपासा. वरच्या ऊर्जा परतवणारे आरसे शलाकेत घ्या, किंवा कमी क्षीणन ठेवून प्रति सेकंद पल्स कमी करा. सिलिकॉन १११ चा मोनोक्रोमेटर इथे मदतीला येत नाही, तो तिप्पट ऊर्जाही पुढे सोडतो.

कंपनांचा हिशेब सोपा आहे. चळत नमुन्याच्या तुलनेत जितकी हलते तितकाच ठिपका हलतो. शंभर नॅनोमीटरच्या ठिपक्याला दोघांमधली हालचाल २० नॅनोमीटरच्या आत हवी, म्हणून चळत आणि नमुना एकाच दगडी बैठकीवर बसवा आणि निर्वात पंप त्या बैठकीपासून सोडवा. उलट, उगमाची हालचाल फारशी त्रास देत नाही. ४०० मीटरवरच्या उगमाची प्रतिमा सुमारे १,६०० पट लहान होते, आणि उगम ५० मायक्रॉन हलला तरी ठिपका ३० नॅनोमीटरच सरकतो. शलाकेचा कोन डोलला तर ठिपका जागेवर राहतो, फक्त पार होणारी ऊर्जा कमी-जास्त होते.

पायरी ९: नाभी शोधणे आणि मोजणे

चळत शलाकेच्या दिशेने पुढे-मागे सरकवत जा, आधी १ मिमीच्या पावलांनी, मग ०.१ मिमीच्या. प्रत्येक जागी आडवी आणि उभी रुंदी वेगवेगळी मोजा. दोन्ही एकाच जागी किमान झाल्या पाहिजेत. त्या वेगळ्या जागी किमान होत असतील तर कल उरलेला आहे, किंवा वरच्या अंगाचा एखादा आरसा किंचित वाकलेला आहे. चळत ९० अंशांत फिरवून पाहिल्यावर दोष तिच्यासोबत फिरला तर तो चळतीचा, जागेवरच राहिला तर शलाकेचा.

एक मायक्रॉनच्या ठिपक्यासाठी टंगस्टनच्या किंवा सोन्याच्या धारेने छेद घेणं पुरतं. लेझरच्या प्रत्येक पल्सची ऊर्जा वेगळी असल्याने प्रत्येक मोजणी त्याच पल्सच्या मॉनिटरने भागा, आणि फार कमकुवत पल्स टाकून द्या. वायएजी पडदा चटकन पाहायला चांगला, पण तीव्र प्रकाशात तो संपृक्त होतो आणि ठिपका खऱ्यापेक्षा जाड दाखवतो. क्षीणन दुप्पट करून रुंदी बदलते का ते बघा.

पूर्ण ताकदीचा ठिपका मोजायला ठशांची पद्धत आहे. सपाट पृष्ठावर दर पल्सला नवी जागा द्यायची, ऊर्जा दोन-तीन दशकांत बदलायची, आणि खड्ड्याचं क्षेत्रफळ ऊर्जेच्या लॉगरिथमसमोर मांडायचं. उतारातून ठिपक्याचं परिणामी क्षेत्रफळ मिळतं. प्लॅस्टिकवर हे शंभर नॅनोमीटरला करू नका. ८ केईव्हीच्या किरणांनी उडवलेले इलेक्ट्रॉन प्लॅस्टिकमध्ये मायक्रॉनच्या घरात फिरतात, आणि खड्डा ठिपक्याचा न राहता इलेक्ट्रॉनांचा होतो.

शंभर नॅनोमीटरच्या पातळीवर टायकोग्राफीच विश्वासाची. टँटलम किंवा टंगस्टनचा किरणांसारख्या रेघांचा चाचणी-नमुना नाभीजवळ लावून, एकमेकांवर चढणाऱ्या जागांवरून विवर्तनचित्रं घ्यायची. शलाका एवढी क्षीण ठेवायची की नमुना टिकेल. गणनेतून तीव्रता आणि कला (तरंगाची फेज) दोन्ही मिळतात, आणि तो तरंग पुढे-मागे चालवून सगळा नाभीपट काढता येतो. नाभी कुठे आहे, विपथन किती, फेज प्लेटला काय आकार हवा, तिन्ही उत्तरं त्यातच आहेत. डिटेक्टरचं अंतर ठरवताना नाभीनंतर शलाका पसरते हे धरा. आखूड चळतीत पसरण ०.७ मिलिरेडियन, म्हणजे चार मीटरवर २.८ मिमी. बीमस्टॉप (थेट शलाका अडवणारा तुकडा) आणि डिटेक्टरमधलं भोक त्याहून मोठं हवं.

पूर्ण ताकद लावायच्या आधी क्षीणन दहापट-दहापटने उतरवत जा आणि प्रत्येक टप्प्यावर दूरच्या पडद्यावरचा डाग जुन्या चित्राशी ताडून पाहा. मधोमध काळपट ठिपका किंवा वलय उमटलं तर एखाद्या भिंगाचा पडदा खराब झालाय. डाग एका बाजूला सरकत असेल तर चळत तापून खाचेत हलतेय. २ मिलिज्यूलच्या पल्समधले ११ टक्केही ५० फेम्टोसेकंदांत ९३ नॅनोमीटरवर आले, तर तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला १०¹⁹ वॉटच्या वर जाते. तिथे नमुन्याचा धारक, डिंक आणि मागची खिडकी यांपैकी काय काय रेषेत येतं, ते पहिली पूर्ण पल्स सोडण्याआधी तपासून घ्या. प्रयोग संपल्यावर शलाका बंद करून चळत बाहेर काढा, कक्ष कोरड्या नायट्रोजनने भरा, भिंगं पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली पाहा आणि क्रमांकानुसार डबीत ठेवा. ज्या भिंगावर नवा डाग दिसतो त्याच्या क्रमांकापुढे किती ऊर्जेच्या साधारण किती पल्स त्याने घेतल्या, ते लिहा.